पाहिजे: एक कटकट्या पेशंट

६ जानेवारी

आजपासून मी प्राचार्य. गेली कित्येक वर्षं एका मोठ्या कॉलेजात उपप्राचार्य होतो, म्हणजे कार्यक्रमात माइक बंद पडला की सगळे ज्याच्याकडे बघतात तो माणूस. आता माइक माझा आहे. आज तो बंदच पडला होता, पण बघायला मागे कोणी नव्हतं.

कॉलेज पूर्वी फर्निचरचं दुकान होतं. समोर मोठ्या काचा, त्यांवर 'सगळं विकायचं आहे' अशी अक्षरं. खरवडली तरी जात नाहीत. मी उद्घाटनाचं भाषण जीव ओतून केलं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, इथे वयाची अट नाही, मार्कांची अट नाही, ज्याला जे उपयोगी पडेल ते त्यानं संध्याकाळी येऊन शिकावं, वगैरे. पहिल्या रांगेत एक जोडपं फार लक्ष देऊन ऐकत होतं. भाषण संपल्यावर त्यांनी मला गाठलं आणि डबल बेड कुठल्या मजल्यावर आहेत ते विचारलं.

वर्ग चार: शिवणकाम, वायरिंग, संगणक आणि संभाषणकला. सगळे तळमजल्यावर. वरचा मजला रिकामा आहे. संस्थेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "ऑक्टोबरपर्यंत वरचा मजला भरून दाखवा, नाहीतर एक जिमवाले वाट बघतायत. खालचं मग बघू." हे 'बघू' त्यांनी डॉक्टर म्हणतात तसं म्हटलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कमिटी कॉलेज?"

"कम्युनिटी, बाबा."

"तेच ते. कमिटी असेलच की."

बाबांना ऑगस्टमध्ये पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय रुसून बसले. तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत. त्यांनी आयुष्यभर गोदीत क्रेन चालवली, आभाळात टांगलेल्या काचेच्या खोपटात एकट्यानं बसून. आता मी त्यांना उंबरठाही एकट्यानं ओलांडू देत नाही. त्यांची सेवा हे माझं भाग्य आहे, असं मी चारचौघांत सांगतो.

१९ जानेवारी

नवा अभ्यासक्रम तयार केला: 'नेतृत्व आणि भविष्यवेध'. बायकोला वाचून दाखवला. ती औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचे दुष्परिणाम आधी विचारते.

"हे शिकून माणसाला काय करता येईल?"

"नेतृत्व."

"कोणाचं?"

या वृत्तीनेच समाज मागे राहतो.

८ फेब्रुवारी

'नेतृत्व आणि भविष्यवेध'ची नोंदणी संपली. एक बाई आल्या होत्या. वर्गात शिरल्या, माझ्यासमोर बसल्या आणि तळहात पुढे केला. म्हणाल्या, "मुलाचं परदेशाचं जमेल का, एवढंच सांगा."

मी जमेल म्हणून सांगितलं. नाहीतरी वर्ग बंदच करायचा होता.

१० फेब्रुवारी

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीताई म्हणतात. आज त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं, राजीनामा.

"सर, लोक काय विचारतात सांगू का? रागावू नका."

"बोला."

"म्हाताऱ्यांना अंघोळ कशी घालायची, हे कुठे शिकवतात का, असं विचारतात. उठवायचं कसं, भरवायचं कसं. आज दुपारपासून तीनजणं आली. एक तर पुरुष होता. मघाशीच गेला, डोळे पुसत."

मी त्यांना समजावलं की आपलं कॉलेज आहे, दवाखाना नाही. त्या बरं म्हणाल्या. दार उघडताना म्हणाल्या, "वरचा मजला हवेशीर आहे, तेवढ्यावरून आठवलं."

रात्री बराच विचार करून ही कल्पना मला सुचली: ज्येष्ठांची शुश्रूषा!

२६ फेब्रुवारी

वृद्धशुश्रूषेच्या वर्गाला शिकवायला एक निवृत्त वॉर्ड सिस्टर मिळाल्या. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. नोंदणीसाठी जाहिरात करावी लागली नाही. पहिल्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, म्हणून संभाषणकलेतल्या आणल्या. तिथे तशाही रिकाम्या असतात.

सरावासाठी पुतळा हवा होता. वायरिंगच्या मास्तरांनी कुठल्याशा कापडदुकानातून एक मिळवला. सूट घातलेला, हसरा. त्याला कुशीवर वळवताना त्याचा हात निघून एका विद्यार्थ्याच्या हातात आला. हा विद्यार्थी ट्रक चालवायचा, आता आईला सांभाळतो. वर्गात त्याला ट्रकवाले म्हणतात. एवढा धिप्पाड गडी, पण पांढराफटक पडला.

सिस्टर माझ्याकडे आल्या. "असलं चालणार नाही. मला माणूस हवा. जिवंत. आणि शक्यतो कटकट करणारा, म्हणजे यांना खरी सवय होईल."

जेवताना हा किस्सा मी रंगवून सांगितला. बायको हसली. बाबा घास चावत होते, म्हणजे मी भरवलेला. तो गिळून ते म्हणाले, "मी येतो."

"कुठे?"

"कमिटीत. मी जिवंत आहे. कटकटही करतो."

मी नाही म्हणणारच होतो. बायको म्हणाली, "जाऊ द्या त्यांना." मग कॉलेजसाठी एवढा त्याग करायचं मी ठरवलं.

१४ मार्च

बाबांना आठवड्यातून दोनदा घेऊन जातो. ते वरच्या मजल्यावर पलंगावर झोपतात आणि लोक त्यांना वळवतात, बसवतात, उभं करतात. मी काचेच्या दाराआडून लक्ष ठेवतो. आज सिस्टर ओरडत होत्या:

"विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! ओझं नाही ते, माणूस आहे. आधी विचारा, उत्तराची वाट बघा, मग हात लावा. आणि जे त्यांना जमतंय ते तुम्ही करायचं नाही. कितीही वेळ लागू दे. घाई तुम्हाला असते, त्यांना नाही!"

अंगावर काटा आला. लगेच खाली जाऊन हे वाक्य माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर घातलं, माझ्या फोटोच्या खाली.

घरी आल्यावर बाबा शर्टाची बटणं डाव्या हाताने काढत बसले होते. एका बटणाला इतका वेळ! माझ्याच्यानं बघवेना. पटापटा काढून दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "परत कधी आहे रे वर्ग?"

त्यांना कॉलेजची गोडी लागली, यात माझंही थोडं श्रेय आहे.

९ एप्रिल

दुसरी तुकडी सुरू, तिसरीसाठी प्रतीक्षायादी. अध्यक्षबाईंचा फोन आला, "ही कल्पना कोणाची?" मी विनयाने म्हणालो, "सगळ्यांचीच." त्यांना जे समजायचं ते समजल्या असाव्यात.

आता तर लोक स्वतःच वर्ग सुचवतात. जुने मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणं, एकट्यापुरता स्वयंपाक, मोबाइल वापरणं. 'एकट्यापुरता स्वयंपाक' मला फार उदास वाटलं, पण त्यात चौतीस नावं आली.

बाबांचा चेहरा तजेलदार दिसतो. काल कपाटाला धरून उभे राहिले होते. मी धावत जाऊन बसवलं. ही सगळी मी आणलेल्या ताकदीच्या पावडरची किमया. बायकोला तसं म्हणालो तर ती म्हणाली, "डबा अजून फोडलेला नाही." बाबा न घेताच बरे होतायत म्हणजे घेतली तर काय होईल!

२ मे

जिन्यात वायरिंगच्या मास्तरांनी अडवलं. "सर, एका वयस्क गृहस्थांच्या घरी दिव्यांची बटणं खाली घ्यायचीत, डाव्या हाताला येतील अशी. न्हाणीघरात धरायला दांडाही बसवायचाय. पोरांना घेऊन जाऊ का? चांगला सराव होईल."

"जा की! वा! असंच व्हायला हवं. कोण गृहस्थ?"

मास्तरांना एकदम खोकला आला. म्हणाले, "आहेत एक. एकटे राहणारेत."

हे वार्षिक अहवालात घालायचं. समाजाच्या दारात कॉलेज. त्या गृहस्थांच्या मुलाबाळांना काही वाटत नसेल का, असंही मनात आलं.

१७ मे

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

वर्ग सुटल्यावर बाबांना आणायला वर गेलो तर पलंग रिकामा. सिस्टर खिडकीपाशी उभ्या. काचेतून खाली बघितलं. समोरच्या थांब्यावर बस उभी होती, ट्रकवाले दाराशी होते आणि बाबांचा एक पाय पायरीवर होता. ट्रकवाल्यांचा हात बाबांच्या पाठीमागे, पण लावलेला नाही, नुसता धरलेला.

मी जिना कसा उतरलो माहीत नाही. रस्ता ओलांडला आणि बाबांचा दंड धरून त्यांना खाली ओढलं. होय, ओढलंच. आणि मोठमोठ्याने बोललो. कोणाला विचारून हे चाललंय, पडले असते तर, हाड मोडलं असतं तर, जबाबदार कोण. ट्रकवाल्यांना बोललो, वर खिडकीत उभ्या सिस्टरना बोललो, बसमधल्या लोकांनाही बोललो असेन. बसचा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, चढणार की भाषण करणार?"

"कोणी चढणार नाही!" मी म्हणालो. "आणि उद्यापासून बाबांचं येणं बंद."

सगळा वर्ग काचेमागे उभा राहून बघत होता. बाबा शर्टाची बाही डाव्या हाताने सरळ करत राहिले.

२४ मे

बाबा बोलत नाहीत, म्हणजे माझ्याशी. बायकोशी बोलतात. मी खोलीत गेलो की दोघं थांबतात. घास पुढे केला की तोंड उघडतात आणि खिडकीबाहेर बघतात.

काळजी करणं हा गुन्हा झाला आहे.

२ जून

संस्थेची समिती परवा येणार. वरच्या मजल्याचा निकाल तेव्हाच लावायचा म्हणतात, ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाहीत. जिमवाल्यांना घाई आहे. वृद्धशुश्रूषेचं प्रात्यक्षिक त्यांना बघायचंय आणि आमच्याकडे पेशंट नाही.

सिस्टरना म्हणालो, "दुसरं कोणी?"

"होते तेच बरे होते."

"ते शक्य नाही."

"मग तुम्ही झोपा."

मला वाटलं गंमत करतायत. पण सिस्टर गंमत करत नाहीत.

४ जून

झोपलो. पँटवर पायजमा चढवून, नव्या चादरीवर. सिस्टरनी समितीला सांगितलं, "पेशंटची उजवी बाजू गेलेली आहे. सगळं कळतं, पण बोलता येत नाही." बोलता येत नाही हे त्यांनी आयत्या वेळी का घातलं कोण जाणे. मी चार शब्दांची तयारी केली होती.

विद्यार्थ्यांनी छान केलं. पण अध्यक्षबाई भलत्याच खूश झाल्या. म्हणाल्या, "मी भरवून बघू?" हे त्यांनी सिस्टरना विचारलं. उत्तराची वाट न बघता कुस्करलेल्या केळ्याचा चमचा माझ्या तोंडात आला. पहिला गिळतोय तोवर दुसरा. मी मान फिरवली, तर म्हणाल्या, "अरे अरे, शहाणा ना तू?" आणि स्वतःच्या रुमालाने माझी हनुवटी पुसली. मागे दोन सदस्य माझ्या पायांकडे बघून बोलत होते. एक म्हणाला, "बिचारे." दुसरा म्हणाला, "नाही, तसे नीट ठेवलेत." नीट ठेवलेत! मी प्राचार्य आहे, गेल्याच आठवड्यात यांच्याशी फोनवर बोललोय, आणि नीट ठेवलेत!

तिसरा चमचा घशात अडकला. डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघा, किती भरून आलंय यांना."

तेवढ्यात ट्रकवाले खाली वाकले. ज्यांना मी भर रस्त्यात बोललो होतो तेच. हळू म्हणाले, "सर, बसायचंय का? हो असेल तर डोळे मिटा." मी मिटले. ते थांबले. डोळे उघडेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "आता मानेमागे हात घालतो. चालेल?"

चालेल. किती साधा शब्द आहे. मला रडूच आलं, आणि ते केळ्यामुळे नव्हतं.

मला बाबांचा सकाळचा चेहरा आठवला, चमच्यासमोरचा. लगेच वाटलं, छे, माझं वेगळं आहे, मी प्रेमाने भरवतो. मग वाटलं, अध्यक्षबाईही प्रेमानेच भरवत होत्या.

निकाल नंतर कळवणार आहेत. घरी गेलो. बाबा खुर्चीत होते. मी पुढ्यात स्टूल घेऊन बसलो.

"बाबा, ती बस कुठे जाणार होती?"

बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या घरी."

"तुमचं घर बंद आहे. धूळ असेल सगळी."

"नाही. झाडलंय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "किल्ली माझ्याकडे आहे. बटणंही खाली घेतलीत. मास्तरांच्या पोरांनी."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. परवानगी तुम्हीच दिली होती ना जिन्यात?"

म्हणजे ज्या गृहस्थांच्या मुलाबाळांचा मी विचार करत होतो, ते मूल मीच.

"बाबा, इथे काय कमी आहे?" मी विचारलं. हे वाक्य तोंडातून निघतानाच मला किती वाईट ऐकू आलं!

"काही कमी नाही रे. तेच तर. तुझ्याकडे मला काही करायलाच नाही. तिकडे चहा तरी करेन. सांडेल. सांडू दे."

"मला थोडा विचार करू दे."

"मी विचारत नाहीये," बाबा म्हणाले. "सांगतोय."

१४ जून

बाबा गेले. म्हणजे राहायला गेले; लिहिताना आधी नुसतं 'गेले' लिहिलं आणि दचकलो. बसनेच गेले. मी आणि ट्रकवाले दोघं बरोबर. बाबा पायरी चढले तेव्हा मी ट्रकवाल्यांसारखा पाठीमागे हात नुसता धरायला गेलो. तो इतका थरथरत होता की कंडक्टरने मलाच बसायला जागा दिली.

२१ जून

वरचा मजला आम्हाला मिळाला. कायमचा. जिमवाले दुसरीकडे गेले. पत्र येताच खिडकीताईंनी सगळ्यांना चहा पाजला. मी भाषण करणार होतो, पण वर तिसऱ्या तुकडीचा सराव चालू होता आणि सिस्टरनी गप्प बसवलं.

अध्यक्षबाईंनी पत्रात माझ्या 'हृदयस्पर्शी अभिनयाची' तारीफ केली आहे.

बाबांना फोन केला. सकाळपासूनचा तिसरा. म्हणाले, "कामात आहे," आणि ठेवला. काम कसलं असेल?

६ जुलै

बाबांच्या शेजारणीकडून कळलं, बाबा गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात पडले. स्वतःच उठले. कसं उठायचं ते सिस्टरनी वरच्या मजल्यावर सगळ्यांसमोर दहादा करून घेतलं होतं. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हे मला माहीत आहे, त्यांनाही.

दुपारभर चिडलो. मग घाबरलो. मग बायको म्हणाली, "पडतील. परत उठतील. एखादे दिवशी नाही उठणार. ते आपल्याकडेही झालं असतं." ती औषधाच्या दुकानात काम करते, खोटा दिलासा विकत नाही.

१९ जुलै

सुट्टीचा दिवस. बाबांकडे गेलो. न सांगता जाणार होतो, पण आधी फोन करून विचारलं. "ये," म्हणाले.

चहा त्यांनी केला. मी मांड्यांखाली हात दाबून बसलो. पातेलं डाव्या हाताने उचलताना चहा ओट्यावर सांडला, बशीत सांडला. कपात आला तो गार होता आणि साखर दोनदा पडली होती. मी दोन कप प्यायलो.

कॉलेजच्या गप्पा झाल्या. एकट्यापुरत्या स्वयंपाकाची दुसरी तुकडी भरली, हे सांगितलं. ते म्हणाले, "तिसरीत माझं नाव आहे."

निघायला उठलो तर त्यांनी हाक मारली. बाबा स्वतःहून काही मागतील असं मला वाटलंच नव्हतं.

"नेलकटर आहे बघ कपाटावर. जरा नखं काप रे."

"कुठली?"

"डाव्याची. उजव्याची मी कापतो, मांडीवर ठेवून. डाव्याची कोण कापणार? उजवा काही धरत नाही."

मी समोर बसलो. त्यांनी डावा हात पुढे केला. सगळी कामं करून रापलेला, करंगळीपाशी भाजल्याचा ताजा डाग. त्या डागाबद्दल मी विचारलं नाही. तो हात मी शेवटचा कधी असा धरला होता ते आठवेना. बहुतेक रस्ता ओलांडताना, आणि तेव्हा धरणारे ते होते.

"कापू?" मी विचारलं.

"मग कशाला बोलावलंय?"

अंगठ्याचं कापलं. दुसऱ्या बोटाला जास्त खोल गेलं. बाबा कळवळले. "हळू! सिस्टरनी शिकवलं नाही का?"

"मी त्या वर्गात नाहीये, बाबा."

"मग घाल की नाव."

"जागा नाही. प्रतीक्षायादी आहे."

"तू प्राचार्य ना?"

"म्हणूनच. मधे घुसता येत नाही."

बाबा हसले. इतके हसले की हात हलला आणि मला मधलं बोट सोडून द्यावं लागलं. मग शांत होऊन त्यांनी तो परत माझ्या हातात दिला, आणि मी तिसऱ्या नखाशी लागलो.